पंपाचा खरा खर्च

गोड बोलणारा माणूस हयवदनरावांच्या मनातून पहिल्याच भेटीत उतरायचा. हिशेबाच्या यंत्राचा प्रस्ताव घेऊन आलेला गृहस्थ तर कारखान्यातल्या कॉफीचीसुद्धा स्तुती करत होता, आणि ती कॉफी कशी असे हे मालकांना पक्कं ठाऊक होतं.

चौसष्ट साल होतं. बेंगळूरला राजाजीनगरात दोघा भावांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून यंत्रात घातली, की एकेका पंपाला लोखंड किती, मजुरी किती, सगळं छापून मिळे. एक कंपनी यंत्र भाड्याने कारखान्यात बसवणार होती. या गृहस्थाची कंपनी कागद नेऊन आपल्याच कचेरीत काम करून देणार होती. ते स्वस्त, म्हणून धाकट्या गुरुराजचा ओढा तिकडे.

हयवदनरावांना त्यातच काळंबेरं दिसलं. त्या कचेरीत शेजारच्या पंपवाल्याचेही कागद जात होते. आपला खर्च त्याला कळला तर? आणि गुरू एवढा भरीला का पडतोय, त्याला मधे काही मिळतंय की काय? सख्ख्या भावाबद्दल असं मनात येऊन गेलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

नमुन्यासाठी त्या गृहस्थाने महिन्याचे आकडे मागितले, तेव्हा ते त्यांनी स्वतः बसून दिले, पण प्रत्येक पंपाचा खर्च चांगला पाव हिश्शाने कमी करून. चोरले तर शेजारी त्या दराने माल विकून खड्ड्यात जाईल, आणि चोरही सापडेल. आपल्या हुशारीवर ते बेहद्द खूश होते. गुरूच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

मग ते लग्नासाठी उडुपीला गेले. परतले तर गुरुराज पेढे घेऊन उभा. सरकारी पंपांचं मोठं टेंडर त्यांना मिळालं होतं, करारावर सहीही झाली होती. दर ऐकताच हयवदनरावांना त्यात आपलेच खोटे आकडे ओळखू आले. त्या दराने पंप दिले तर कारखाना विकावा लागणार होता.

"यंत्राच्या कागदावर विसंबलास?" ते कडाडले.

"यंत्रावर कोण विसंबतो, अण्णा? कमी वाटलं स्वल्प, म्हणून मी त्या माणसाला विचारलं, आकडे दिले कुणी. तो म्हणाला, तुमच्या अण्णांनी. मग पुन्हा काय तपासायचं?"

हयवदनरावांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, खरा खर्चही आणि तो का लपवला तेही. कारखान्याचं काय होणार, हे गुरुराजने विचारलं नाही.

"शेजाऱ्याला चोर समजलात, सरी, ते ठीक," तो शेवटी म्हणाला. "मलाही?"