चुंबकनाथाचा बुक्का

या मंडळी, जरा पुढे सरका. हसवणारी गोष्ट सांगतो. पण हसताना एका आईचा जीव टांगणीला होता, एवढं ध्यानात असू द्या.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत, देवळापुढच्या मांडवात मुंगीला वाव नव्हता. चुंबकनाथ महाराज आले होते! चुंबकाच्या यंत्राने डोक्यातले आवाज शमतात का, हे मुंबईचे डॉक्टर आत्ता कुठे तपासतायत. महाराज म्हणे ती विद्या हिमालयातून पाठ करून आलेले. भक्ताच्या कपाळी बुक्का लावायचा, भगव्या फडक्यातला दांडा जवळ न्यायचा, की बुक्का टुणकन उडून दांड्याला चिकटायचा.

"आवाज भाईर आला हो!" शिष्य आरोळी ठोकायचे. मांडव डोलायचा.

रंगूबाईचा मंगेश महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. स्किझोफ्रेनियातून गोळ्यांनी सावरलेला, पण कानातली कुजबुज काही थांबत नव्हती. मुंबईच्या तपासणीत त्याचं नाव लागलं होतं. आणि महाराजांनी फर्मावलं, "गोळ्या सावित्री नदीत सोड!" त्याने सोडल्या. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, अन्नाला शिवत नाही.

"घे रे बाबा गोळी," रंगूबाई विनवायची.

"आये, म्हाराज ग्यारंटी देतो. डॉक्टर म्हणतो, गुण येल का ठाव नाय. निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना नुसतं टकटकणारं, चुंबक न चालणारं मुकं. कुणाला कुठलं, ते सांगत पण नाय!"

"पण असं करनार, हे तरी आधी सांगतो ना रे? खऱ्याचा गुण खराच हाय का, ते कळायला नको?"

बोलता बोलता तिने पोराच्या कपाळावर उरलेला महाराजांचा बुक्का बोटांनी पुसला आणि बोटं नाकाशी नेली. गंध नाही. चिमटीत खरखर. वीस वर्षं कीर्तनात बुक्क्याचं ताट फिरवणारी बाई ती. बुक्का तिला झोपेतही ओळखू आला असता. हा बुक्काच नव्हे!

दुसऱ्या दिवशी मांडवातलंही ताट सवयीने तिच्याच हाती आलं. तिने महाराजांच्या बुक्क्याचा डबा पदराआड केला, ताटात देवळातला बुक्का ओतला आणि स्वतःच मंगेशच्या कपाळी लावला.

महाराजांनी दांडा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. बुक्का जिथल्या तिथे.

"बाधा हट्टी हाय," महाराज घाम पुसत म्हणाले.

"बाधा नाय हो, बुक्का खरा हाय!" रंगूबाईने डबा उघडून दांड्याशी धरला. सगळी काळी पूड झेपावून दांड्यावर साळिंदरासारखी उभी राहिली.

"लोखंडाचा कीस गो!" मागून धोंडू लोहार ओरडला. "माझ्याच भट्टीवरनं नेलान! म्हनला, देवाच्या कामाला हाय."

मांडव असा हसला की महाराजांनी रिक्षातून थेट वीर स्टेशन गाठलं. फडक्यातला दांडा म्हणजे भंगारातल्या स्पीकरचं चुंबक निघालं.

मंगेशने काळी पडलेली आईची बोटं पाहिली. "दे आये गोळी," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी आधी गोळ्या नीट लागू पडू दिल्या, मगच त्याला तपासणीत घेतलं. त्याला खरं यंत्र मिळालंय की मुकं, त्याला अजून ठाऊक नाही. गुण येईलच असंही नाही.

मंडळी, देव माझाही आहे. कीर्तन चुकलं तर मला जेवण गोड लागत नाही. म्हणूनच सांगतो, बुक्का भक्तीचा, गोळी आजाराची; एकीच्या जागी दुसरा लावू नका. "ठाऊक नाही, तपासून पाहू" म्हणणाऱ्यापाशी बसा. छातीठोक ग्यारंटी देणाऱ्याचा डबा आधी हुंगा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा, मुंबईत त्या टकटकणाऱ्या यंत्राखाली शांत बसलेल्या आमच्या मंगेशची आठवण असू द्या.