इंजिनातला गोरा मुंजा

आबासाहेबांच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रोज सकाळी नुसती जत्रा. कापसाच्या गाड्या सोडलेल्या, बैल कडब्याला लागलेले, आणि गाडीवान, मजूर, बाजाराला आलेल्या बायका असं सगळं सेलू गाव इंजिनघराच्या दाराशी एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं. आत इंजिन सुरू झालं की त्याच्या डोक्यापाशी, म्हणजे वरच्या झाकणापाशी, फुस्स फुस्स व्हायचं, धूर निघायचा, पाण्याचे शिंतोडे उडायचे. मग फुंकरमहाराज पुढं सरकायचे. अंगाला राख, गळ्यात कवड्या, हातात धुपाटणं. पोट मात्र चांगलं तुपावर पोसलेलं.

"बोल, कोन हाईस तू?" महाराज इंजिनाला दरडावायचे. "बर्म्याच्या लढाईत मेलेला गोरा सोल्जर ना? मुंज न होता मेलास, म्हनून मुंजा झालास. ओम् फट् जल्लेजलाल, निकल बाहर."

लढाई संपल्यावर पलटणीच्या लिलावातून आबासाहेबांनी हे इंजिन आणलं होतं, तेवढंच यात खरं. गोऱ्याची मुंज कधी लागते, हे मात्र कुणी विचारलं नाही. महाराज धूप घालत, फुंकर मारत. थोड्या वेळानं फुसफुस कमी होई, मग बंदच. मुंजा गेला म्हणून लोक जमिनीला डोकं लावत. मंत्र चालू असेपर्यंत सरकी काढायच्या यंत्रांना पट्टा चढवायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. इंजिन नुसतंच फिरायचं, आणि मुंजा गेला की काम सुरू.

मी तेव्हा सेलूत मास्तर होतो. पोरांना पदार्थविज्ञान शिकवायचो आणि घरी येऊन चिडायचो. बायको म्हणायची, लोकांचं लोक बघतील, तुम्हाला काय पडलंय. पडलं होतं, कारण यात तानुबाई सापडली.

तानुबाई जिनात पाणी भरायची. नवरा मेल्यापासून आवारातल्याच खोपटात राहायची. इंजिन थंड ठेवायचं पाणी तीच आडातून काढून टाकीत ओतायची. आता झालं असं, की मुंजा रोज जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आबासाहेब कंटाळले. "महाराज, ह्यो कायमचा का जाईना?" त्यांनी विचारलं. महाराजांना कुणीतरी सापडायलाच हवं होतं. त्यांनी डोळे फिरवले आणि बोट दाखवलं.

"ही बाई पान्यातून त्याला जेवू घालायलीय. हिच्या हातचं पानी त्याला गोड लागलंय. येत्या अवसेला हिचं मुंडन करून वेशीभाईर घाला, मग बघा."

झालं. त्याच दिवसापासून बायका तिला बघून लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या. अवसेला तिला हाकलायचं असं ठरूनही गेलं. ती माझ्या दारात आली, पण उंबरा चढली नाही. "मास्तर, मी कुटं जाऊ? मला ना माहेर ना सासर." मला तिची कीव आली, आणि गावाचा असा संताप आला की जेवण गेलं नाही.

मग मी रोज इंजिनघरात जाऊन बसू लागलो. एके सकाळी महाराज आलेच नाहीत. आदल्या दिवशी चारठाणा गावातल्या लग्नात बुंदी जास्त झाली होती, पोट बिघडलं होतं. इंजिन सुरू झालं, फुसफुस झाली, आणि रोजच्याच वेळाला आपोआप थांबली. धूप नाही, फुंकर नाही. मला वाटलं, आता तरी लोकांच्या डोक्यात उजेड पडेल. कसला उजेड. किशनराव नावाचे एक जमीनदार हात जोडून म्हणाले, "बघा, महाराजांनी घरून फुंकर मारली." त्या वेळी महाराज तांब्या घेऊन कुठं बसले होते ते मला ठाऊक होतं.

इंजिन गार असताना मुंजा असतो, तापलं की जातो, एवढं मला कळलं. मी फिटर भुजंगला गाठलं. "डोक्यावरचे हे नट तू कधी कसतोस?"

"सांजच्याला, काम संपल्यावर. इंजिन तापलेलं असतंय तवाच. आमच्या उस्तादानं तसंच शिकवलंय. गार इंजिनाला पाना लावला तर ते दिवसभर रुसतंय म्हनत्यात."

"आणि सकाळी नट कसे असतात?"

तो घुटमळला. "ढिले. निस्त्या बोटानं फिरत्यात. म्हनून तर मुंजा म्हनायलेत."

मी खिशातल्या चाकूनं इंजिनाच्या डोक्याचा रंग खरवडला. आतून पांढरं, मऊ निघालं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं असतं ना, तोच धातू. डोकं धरून ठेवणारे बोल्ट मात्र पोलादी. आबासाहेबांचं जुनं इंजिन डोक्यापासून पायापर्यंत लोखंडाचं होतं. त्याला उस्तादाची रीत चालून गेली. ह्या इंजिनाला नाही चालली.

अवसेच्या सकाळी न्हावी आला होता. तानुबाईचं गाठोडं खोपटाबाहेर फेकलेलं होतं आणि ती त्यावर बसून होती, रडतही नव्हती. मी आबासाहेबांसमोर उभा राहिलो. "मुंजा मी काढतो. नाही निघाला तर बाईबरोबर मलाही वेशीबाहेर घाला."

"मास्तर, डोकं फिरलं का तुमचं?" आबासाहेब म्हणाले. पण माणूस धंद्यातला, खोळंबा त्यालाही नको होता. न्हाव्याला थांबवलं.

इंजिन रात्रभराचं गार होतं. भुजंगनं कुरकुरत प्रत्येक नटाखाली जाड वायसरची चकती घातली आणि समोरासमोरचे नट थोडे थोडे करत कसले. मऊ धातू आहे, पान्याशी कुस्ती खेळू नको, असं मी त्याला बजावलं होतं. तानुबाईनं पाणी ओतलं. इंजिन सुरू झालं. फुस्स नाही, शिंतोडा नाही. लोक आ वासून बघत राहिले.

"ह्यो आजच्या अवसेचा परताप," महाराज घाईनं म्हणाले. "आमी पहाटंच मंतर टाकून ठिवलता."

"बरं. मग आत्ताच सगळ्यांसमोर सांगा. उद्या बाईनंच पाणी घातलं तर मुंजा येणार का?"

"येनार म्हंजे येनारच. बाई हाय तवर हाय."

"आणि पाणी तुम्ही स्वतः मंतरून घातलं तर?"

"मग त्याची काय बिशाद."

दुसऱ्या दिवशी नटांना कुणी हात लावला नाही. तानुबाईनं पाणी घातलं, इंजिन मुकाट चाललं. त्या संध्याकाळी मी भुजंगला सांगितलं, तापलेलं असतानाच नट सैल कर आणि तुझ्या उस्तादाच्या रीतीनं पुन्हा कस. सकाळी तानुबाईला मी लांब लिंबाखाली बसवलं. महाराजांनी सोवळं नेसून, तुळशीपत्र टाकून, स्वतःच्या हातानं टाकी भरली. इंजिन सुरू झालं आणि असं फुसफुसलं की महाराजांचं सोवळं भिजलं. गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

महाराज धुपाटण्याकडं वळले. मी ते उचलून बाजूला ठेवलं. "राहू द्या. थोडा वेळ थांबा, तापलं की आपोआप गप्प बसेल. हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे. म्हणूनच तुम्ही पट्टा चढवू देत नव्हता, कामाच्या ओझ्यानं ते लवकर तापून मंत्राआधीच गप्प बसलं असतं म्हणून." इंजिन तापलं आणि गप्प बसलं. महाराजांना एकदम चुडावा गावच्या एका भक्ताची आठवण झाली. स्टेशनाकडं निघाले ते परतले नाहीत.

मी लोकांना समजावलं. तापल्यावर प्रत्येक धातू फुगतो, पण जर्मनचा धातू लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. गरमागरम फुगलेल्या डोक्यावर नट कसले, की रात्री ते डोकं आकसतं. बोल्ट तेवढा आकसत नाही. मग नट ढिला पडतो आणि फटीतून पाणी नि धूर बाहेर येतो. पुन्हा तापलं की डोकं फुगून फट बुजते. गार असताना नट कसला, तर तापल्यावर पकड वाढतेच, कमी होत नाही. मी घरून जर्मनचा गडू आणि त्याला जेमतेम बसणारं लोखंडी कडं आणलं होतं. गार गडूवरून कडं खाली घसरलं. ते पुन्हा चढवून गडूत आधणाचं पाणी ओतलं तर जागच्या जागी घट्ट बसलं. किशनरावांनी ते ओढून पाहिलं, बोट भाजून घेतलं, आणि म्हणाले, "ते समदं खरं मास्तर, पर बाईत काय तरी असंलच."

मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आबासाहेब तानुबाईपाशी गेले. "चल, चूक झाली. गाठोडं आत ने, कामाला लाग."

ती उठली नाही. "लागते की, मालक. पोट हाय. पर ज्या बायांची बाळंतपनं मी केली, त्यांनी मला बघून लेकरं झाकली. ते कोन कसून देनार?"

बायका खाली बघत निघून गेल्या. तीही थोड्या वेळानं उठली आणि घागर घेऊन आडावर गेली. दुसरं करणार काय होती?

लोकहो, मी हात जोडून नाही, बोट दाखवून सांगतो. मुंडन करायला निघालेले तुम्ही सगळे त्या इंजिनाभोवती महिनाभर उभे होता. रोज सकाळी ते गार असताना फुसफुसायचं आणि तापल्यावर थांबायचं. एवढं दिसायला मास्तर लागत नाही, डोळे पुरतात. पुढच्या वेळी यंत्र बिघडलं, गाय आटली, लेकरू आजारी पडलं आणि कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर न्हाव्याला बोलावण्याआधी त्या यंत्राला, त्या गायीला, त्या लेकराला हात लावून बघा. आणि बोट दाखवणाऱ्याला विचारा, उद्या काय होणार ते आजच सांग.