धनसिंगच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. जळगावच्या एका महाविद्यालयाच्या जिमखान्यात, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर माझी पेटी पडून आहे. दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला की माझ्या नळीतला पारा चढतो.

मला १९८१ साली विकत आणले. स्पर्धेआधी फुटबॉलचा संघ माझ्यासमोर रांग लावी. ‘याचा आकडा चुकत नाही,’ असे महाविद्यालयाचे डॉक्टर कौतुकाने सांगत. पण धावणाऱ्या मुलांना कसला हृदयविकार, असेच सर्वांना वाटे.

१९८७च्या डिसेंबरात संघ धुळ्याला निघाला होता. गोलरक्षक धनसिंग चाळीसगावकडचा. वय एकोणीस, वजन अठ्ठ्याण्णव किलो. गोल भरून दिसावा म्हणून क्रीडाशिक्षक हिलाल सरांनीच त्याला खाऊ घालून वाढवले होते. त्याच्या दंडावर मी एकशेसत्तर दाखवले, खाली एकशेदहा.

डॉक्टर थबकले. कर्णधार भटू मागून ओरडला, “साहेब, त्याना दंड शे का केळीना खांब? तुमना पट्टा पुरस नही!”

सगळे हसले. जाड दंडावर लहान पट्टा थोडा जास्त आकडा दाखवतो, हे खरे. मोठा पट्टा दवाखान्यात होता, सायकलने पंधरा मिनिटांवर.

“एस.टी. चुकेल, डॉक्टर. सगळ्यांचे एकशेवीस-ऐंशी लिहा,” हिलाल सर म्हणाले.

“घरात कुणाला हृदयाचा आजार?” डॉक्टरांनी धनसिंगला विचारले.

“नाही, साहेब.”

डॉक्टरांनी एकशेवीस-ऐंशी लिहिले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या मैदानावर, उत्तरार्धात, चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना धनसिंग गोलमध्ये उभा होता तसाच कोसळला. संघाबरोबर मला घेऊन आलेल्या डॉक्टरांनी धावत येऊन मला उघडले. पारा चढवला, उतरवला. स्टेथोस्कोपमधून त्यांना काहीच ऐकू आले नाही. पुन्हा चढवला. तिसऱ्यांदाही. माझा पट्टा त्या दंडावरून नंतर कुणी सोडला, ते मला आठवत नाही.

तेराव्यानंतर त्याची आई पुष्पाबाई त्याचे बूट न्यायला आली.

“याना बाप बी असाच गया, साहेब. चाळीसना बी नव्हता. नांगर हाकता हाकता पडना. गावमा म्हनेत, भूत लागनं.”

“मग घरात हृदयाचा आजार आहे का असे मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले का नाही?”

“तुमी आजार इचारा व्हता. भूत काय आजार शे?”

त्यानंतर डॉक्टर प्रत्येक मुलाला विचारत, “वडील आहेत? आजोबा कसे गेले?” मला मात्र त्यांनी परत हात लावला नाही. नवे यंत्र आले. कपाटात माझा पट्टा अजून कधीकधी आवळल्यासारखा वाटतो, आत दंड नसताना.

मित्रांनो, आकडा पटला नाही तर पुन्हा मोजायला लावा. गाडी चुकू द्या. आणि आज घरी गेल्यावर विचारा, आपल्या घरातली माणसे कशी गेली. लाजू नका, घाबरू नका. उत्तर भुताचे असले, तरी ते डॉक्टरांना सांगा.