लिफ्ट वापरात आहे

लोकशाहीचा प्राण प्रश्नात असतो. जिथे प्रश्न विचारणारा जागा असतो तिथे सत्तेला झोप लागत नाही, आणि ज्या दिवशी तो गप्प बसतो त्या दिवशी इतिहास मान खाली घालतो. या गोष्टीतला प्रश्न विचारणारा त्या बुधवारी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, प्लॅस्टरमधला डावा पाय वर टांगून, चांगला टक्क जागा होता. आणि त्याचा प्रश्न होता, "बेडपॅन कोणी नेलं?"

सभागृहात त्यांना सगळे असल्यासराव म्हणत. आमदाराने सरकारला प्रश्न विचारायचा तर तो आधी लेखी द्यावा लागतो, आणि त्याची एक ठरलेली चाल असते. अमुक घडले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय. विरोधी बाकांवर उभी हयात गेल्यामुळे ही चाल त्यांच्या जिभेत मुरली होती. घरीही ते "चहा झाला आहे, हे खरे आहे काय?" असं विचारत आणि बायको आतून सांगे, "अंशतः खरे आहे. दूध उतू गेलं."

तिला सरकारी भाषा यायला दुसरंही कारण होतं. सरकार तिच्या माहेरचं होतं. आरोग्यमंत्री हा तिचा धाकटा भाऊ. सभागृहात तो सन्माननीय मंत्रिमहोदय, घरी बाळ्या. मेहुणे-मेहुणे समोरासमोरच्या बाकांवर बसून एकमेकांवर तुटून पडत, आणि रविवारी एकाच टेबलावर जेवायला बसत. "भांडण सभागृहात ठेवून या," असा तिचा दंडक होता. चपला बाहेर काढाव्यात तसं.

आता लिफ्टविषयी. रुग्णालयाची लिफ्ट बंद पडली ती तळमजल्यावर, दार उघडं ठेवून. सरकारी इमारतीत जागा रिकामी दिसली की तिथे टेबल येतं. नोंदणी कारकुनाने लिफ्टमध्ये टेबल टाकलं. पंखा आत होताच, केस विंचरायला आरसाही होता. पुढे बाहेर 'नोंदणी' अशी पाटी लागली आणि कारकुनाने कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवला. त्यामुळे "लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय?" या असल्यासरावांच्या प्रश्नाला खात्याचं उत्तर वर्षानुवर्षं एकच येई: "हे खरे नाही. लिफ्ट वापरात आहे." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

या अधिवेशनात तोच प्रश्न चिठ्ठी टाकून पहिल्या क्रमांकावर आला. म्हणजे तो नक्की पुकारला जाणार, आणि मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार. असल्यासराव एवढे हरखले की स्वतः पाहणीला गेले. लिफ्ट पाहिली, कारकुनाशी बोलले, जिना चढून वरचे वॉर्ड पाहिले आणि उतरताना नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून घसरले. नडगी मोडली. खाली पडलेल्या आमदाराला चौघांनी उचलून पुन्हा वर नेलं, कारण हाडांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. डायलिसिसही वरच. तळमजल्यावर अधीक्षक, लेखा विभाग आणि बैठकीची खोली. रुग्णांना वरची हवा मानवते, असं अधीक्षकांचं मत होतं.

प्रश्न गुरुवारी होता. विचारणारा हजर नसेल तर प्रश्न बाद होतो, असा नियम आहे. त्यामुळे बुधवारी दुपारी आरोग्यमंत्री हातात सफरचंदांची पिशवी घेऊन, धापा टाकत वॉर्डात शिरले, तेव्हा त्यांच्या बहिणीने ओळखायचं ते ओळखलं.

"ये. पेढे नाही आणलेस?"

"ताई, काहीतरीच काय!" मंत्री स्टुलावर बसले. "भाऊजी, कसं आहे?"

"पाय मोडला आहे, हे खरे आहे," असल्यासराव म्हणाले. "तुमच्या खात्याचं काय म्हणणं आहे?"

"बाळ्या, सरळ सांग. उद्या हे येणार नाहीत, तू सुटलास. बघायला आलायस ना नीट मोडलाय की नाही ते?"

मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा ऐकत होता, पण त्याचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे तो टिपून घेण्याची भीती नव्हती.

"उलट आहे," मंत्री हळूच म्हणाले. "भाऊजी, तुम्ही उद्या आलंच पाहिजे. पाया पडतो."

"एकाच पडा. दुसरा दुखतो."

"आई येत नाही म्हणते."

बहिणीच्या हातातलं सफरचंद खाली आलं.

मंत्र्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागे. मंत्र्याची आई कुठल्याही खासगी रुग्णालयात गेली असती. पण "माझी आईसुद्धा सरकारी रुग्णालयातच उपचार घेईल," असं मंत्री एकदा भाषणात म्हणाले होते. ते भाषण मनावर घेणारी व्यक्ती सगळ्या देशात एकच निघाली, आणि ती त्यांची आई होती. तिला खुर्चीत बसवून चौघं जण वर नेत.

"काल काय म्हणाली माहितीये?" मंत्री म्हणाले. "माणसाने चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, तुम्ही मला आठवड्यातून दोनदा नेता. आता सवय झाली, एकदम शेवटचंच न्या. गुरुवारची पाळी शेवटची, म्हणते. पुढे यायची नाही."

"लिफ्ट दुरुस्त करतो म्हणावं," बहीण चिडून म्हणाली.

"म्हणालो. तर म्हणते, घरातल्या आश्वासनावर माझा विश्वास नाही, तू लहानपणापासून देतोयस. सभागृहात दे, म्हणजे नोंद राहील."

"मग द्या की," असल्यासराव म्हणाले. "कोणी धरलंय?"

"अहो, कोणी विचारल्याशिवाय कसं देणार? आणि अर्थमंत्री! मी तीनदा फाईल पाठवली. सभागृहात माझी अब्रू निघाल्याशिवाय तो दमडी सोडत नाही. रस्तेवाल्याची बघा कशी दर अधिवेशनात निघते, त्याला मिळतात. माझ्याबद्दल तुमचं बोलणं जरा मवाळच असतं, भाऊजी. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

असल्यासरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा अपमान होता.

"मवाळ? मी तुम्हाला गेल्या अधिवेशनात निष्क्रिय म्हणालो!"

"निष्क्रियने काय होतंय? निगरगट्ट म्हणा. मी चिडतो, बाकं वाजतात, तुम्ही आणखी चढता, मग मी नमतो आणि आश्वासन देतो. अर्थमंत्री मान हलवतो. झालं."

"आत्ताच करून दाखवा दोघं," बहीण म्हणाली आणि चमचा घेऊन पाण्याच्या पेल्यावर ठाणकन वाजवला. "मी अध्यक्ष. शांतता राखा. सन्माननीय सदस्य, बोला, पण थोडक्यात. तुम्हाला ते जमत नाही."

तालीम झाली. पहिल्या खेपेस असल्यासराव "निगरगट्ट" म्हणताना हसले. दुसऱ्या खेपेस मंत्र्यांनी इतक्या लवकर आश्वासन दिलं की अध्यक्षांनी पेला वाजवून सुनावलं, "अरे, आधी थोडा तरी नाही म्हण! लग्नाला उभी राहिलेली मुलगीसुद्धा इतक्या झटकन हो म्हणत नाही." तिसऱ्या खेपेस मात्र असं जमलं की नर्स धावत आली आणि मंत्र्यांना ओळखूनही बाहेर जायला सांगून गेली. बाजूचा म्हातारा म्हणाला, "टाळ्या वाजवल्या असत्या, पण हात नाहीत."

गुरुवारी असल्यासरावांना खुर्चीत घालून चौघांनी खाली आणलं. खाली येताना त्यांनी चारही जणांची नावं, गावं आणि पगार विचारून घेतले. जिन्यातच सासूबाई भेटल्या. त्यांची खुर्ची वर चालली होती.

"जावईबापू, तुम्हीसुद्धा?" सासूबाई म्हणाल्या.

"तात्पुरता आहे, आई. तुम्ही वर टीव्ही लावा."

"लावते. पण त्याला सांगा, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. लहानपणी खोटं बोलताना तसंच बोलायचा."

प्रश्न पुकारला गेला. अध्यक्षांनी असल्यासरावांना बसून बोलायची परवानगी दिली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली, कारण उभं राहिल्याशिवाय त्यांना प्रश्न सुचत नसे. डाव्या बाजूला स्वपक्षाचा एक, उजव्या बाजूला सरकार पक्षाचा एक, अशा दोन आमदारांच्या आधाराने ते उभे राहिले. सर्व पक्षांनी एकत्र येऊन केलेलं त्या अधिवेशनातलं ते एकमेव काम.

"रुग्णालयातील लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय?"

आरोग्यमंत्री उठले. आणि इथे घात झाला. माणूस घोड्यावर बसला की टाच मारतो, तसं त्या जागी उभं राहिलं की त्यांच्या तोंडून उत्तर आपोआप येई. तालमीत "थोडा तरी नाही म्हण" असं ठरलं होतं. मंत्री थोडं नाही म्हणायला गेले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पूर्ण नाही म्हणून बसले.

"अध्यक्ष महाराज, हे खरे नाही. लिफ्ट वापरात आहे."

बाकं वाजली. असल्यासराव ठरल्याप्रमाणे "निगरगट्ट" म्हणाले. मंत्री ठरल्याप्रमाणे चिडले, पण नमायचं विसरले. उलट त्यांना रंग चढला. लिफ्ट कशी सकाळी उघडते, संध्याकाळी बंद होते, दिवसभर तिथे जनतेची कशी रीघ लागते, हे त्यांनी असं काही रंगवलं की मागच्या बाकांवरचे दोघे-तिघे लिफ्ट पाहायला जायचं ठरवू लागले. अर्थमंत्री समाधानाने मागे टेकले आणि अर्धवट राहिलेलं शब्दकोडं त्यांनी पुढे ओढलं.

वर प्रेक्षक गॅलरीत बहिणीने कपाळाला हात लावला.

असल्यासरावांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याच्याही एव्हाना लक्षात आलं होतं. बोलणं चालूच होतं, पण डोळे, आइसक्रीम खाली पडलेल्या मुलासारखे, मदत मागत होते. पण मंत्र्याला सभागृहात स्वतःचंच उत्तर खोडता येत नाही. कोणीतरी विचारावं लागतं.

"उपप्रश्न," असल्यासराव म्हणाले. हा तालमीत नव्हता. "लिफ्ट वापरात असल्यास, मंत्रिमहोदयांच्या मातोश्री दुसऱ्या मजल्यावर कशा जातात?"

कोणाच्या घरच्यांचं नाव काढायचं नाही, असा तिथला संकेत होता. असल्यासरावांनी आजवर तो कधी मोडला नव्हता. अर्थमंत्र्यांची पेन्सिल थांबली.

आरोग्यमंत्री कागद चाळत राहिले. कागदात ते नव्हतं.

"खांद्यावर," ते म्हणाले.

"मोठ्याने बोलावे," अध्यक्ष म्हणाले.

"खांद्यावर जाते, अध्यक्ष महाराज. चौघांच्या. लिफ्टमध्ये... लिफ्टमध्ये कारकून बसतो." त्यांनी कागद खाली ठेवले. "मी या सभागृहाला आश्वासन देतो की नवी लिफ्ट बसवण्यात येईल. आणि ती होईपर्यंत ज्यांना जिना चढता येत नाही ते रुग्ण खाली आणण्यात येतील, आणि ज्यांना येतो ते अधिकारी वर जातील."

शेवटचं वाक्य खात्याने लिहून दिलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे त्यांनाही कळलं नाही. अर्थमंत्र्यांनी मान हलवली. कोणी म्हणतात ती त्यांना कोड्यातला शब्द सुचला म्हणून हलली, पण कामकाजात होकार म्हणून नोंद झाली.

संध्याकाळी सगळे सासूबाईंच्या खाटेभोवती जमले. असल्यासरावांना पुन्हा चौघांनी वर आणलं होतं.

"आधी खोटं बोललास," आई मुलाला म्हणाली.

"अंशतः, आई."

"आणि जावईबापू, तुम्ही माझं नाव काढलंत सभागृहात."

"नाव नाही काढलं, आई. मातोश्री म्हणालो."

"तेच ते." म्हातारीने उशी नीट करवून घेतली. "केस विंचरून बसले असते, आधी सांगितलं असतंत तर. टीव्हीवर दाखवतात की काय कोण जाणे."

"म्हणजे सोमवारी येणार?" मुलीने विचारलं.

"नोंद झाली आहे काय?"

"झाली आहे," जावयाने सांगितलं.

"असल्यास, येते."

बाहेर जिन्याशी बायको नवऱ्याच्या खुर्चीमागे थांबली. "अहो, तो तसा बघत होता तेव्हा तुम्ही त्याला सोडवलंत."

"मी त्याला अडचणीत आणलं," असल्यासराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "विरोधी पक्षाचा आहे मी."

"हो हो. फार निगरगट्ट आहात," ती म्हणाली आणि त्यांच्या मांडीवरचं पांघरूण नीट केलं.

सोमवारपर्यंत खाटा आणि यंत्रं खाली आली. एका दुपारचं काम होतं. लेखा विभागाच्या जागी डायलिसिस बसलं, बैठकीच्या खोलीत हाडांचा वॉर्ड मावला, अधीक्षक आणि लेखा विभाग वर गेले. सासूबाई दारातून थेट आत चालत जाऊ लागल्या, आणि वरच्या हवेची आठवण कोणी काढली नाही.

पुढच्या वर्षी नवी लिफ्ट आली. आरोग्यमंत्र्यांनी फीत कापली, असल्यासरावांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि दोघांनीही आपापल्या भाषणात तिचं श्रेय स्वतःकडे घेतलं. नोंदणी कारकुनाला दुसऱ्या मजल्यावर खिडकी असलेली खोली मिळाली. रुग्ण सगळे तळमजल्यावर असतात. लिफ्टने कारकून, अधीक्षक आणि माठ भरणारा शिपाई जातात.