बोहणीचा चेहरा

सकाळी सव्वाअकरा वाजता इमारतीचं मुख्य दार उघडलं. ते कुणी फोडलं नव्हतं, की रहिवाशाच्या पाठोपाठ कुणी आत घुसलं नव्हतं. दाराशेजारच्या काळ्या काचेने समोरचा चेहरा पाहिला, ओळखला, हिरवा दिवा लावला आणि ‘स्वागत आहे’ अशी अक्षरं दाखवली.

त्या वेळी सहाव्या मजल्यावर ताई इस्त्री करत होती. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे तिची सात वर्षांची मुलगी बबडी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे मांजराशी खेळायला गेली होती. ताईची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका हॉटेलच्या सभागृहात, बिल्डरांनी भरलेल्या खुर्च्यांसमोर माइकची उंची ठीक करत होती. तिच्या भाषणाचा विषय होता दारांचा बदलता बाजार.

धाकटी दारं विकायची. म्हणजे दार कुणाला उघडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारी यंत्रणा. ताईने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा राहायला जागा धाकटीनेच शोधली होती. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर निघायच्या आत ताई या इमारतीत आली. नवऱ्याने तिच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता आणि पत्ता त्याला कळवलेला नव्हता. एकेकाळी धाकटी त्याला दाजी म्हणायची. आता दोघी बहिणी नुसतं ‘तो’ म्हणत. तोही दारांच्याच धंद्यातला, पण दुसऱ्या एका छोट्या कंपनीत तंत्रज्ञ होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो ताईला एवढंच म्हणाला होता, “जा कुठे जायचं तिथे. दारं मीच बसवलीत या गावातली.”

इथली दारं त्याच्या नव्हे, धाकटीच्या कंपनीची होती. धाकटीने खात्री करून घेतली होती. रहिवाशांच्या यादीतला एकेक चेहरा तिने स्वतः पाहिला होता आणि ताईला म्हणाली होती, “इथे माशीसुद्धा विचारून येते.”

सभागृहात स्वागत-सत्कार आटोपून तिची पाळी यायला साडेबारा वाजले. तिने सुरुवात चावीपासून केली. चाव्या गेल्या, कार्डं जाताहेत, फोनचं राज्यही फार दिवसांचं नाही, आता चेहरा. वॉचमनला डुलकी लागते, काचेला लागत नाही. छोट्या कंपन्या मोठीत मिसळताहेत. पाच कंपन्यांची मिळून आपली एक झाली, आणि गेल्या रविवारी पाचही कंपन्यांच्या सगळ्या दारांच्या याद्या एका जागी आल्या.

“एक चेहरा, सगळी दारं,” ती म्हणाली. “आता जिवंत उदाहरण दाखवते. या आठवड्यात आपली सर्वांत जास्त दारं उघडणारा माणूस.”

उदाहरण तिने ऑफिसातून मागवलं होतं. पार्सलवाला असेल, नाहीतर लिफ्टदुरुस्तीवाला, असा तिचा अंदाज होता. तिने बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर दाजी आला. फोटो जुना होता. निळा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा, ओठ मिटून हसणं. खाली लिहिलं होतं: ‘चाचणी एक. इमारती एकोणीस.’

“मॅडम, माणूस फारच फिरतीवर आहे हो!” पहिल्या रांगेतून एक बिल्डर म्हणाला, आणि सभागृह हसलं.

धाकटी “पाच मिनिटं” एवढंच म्हणाली. माइक टेबलावर आडवा ठेवून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि स्वयंपाकघराच्या बोळात उभं राहून तिने ऑफिसात फोन लावला. तिथली यंत्रणा सांभाळणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या माणसाला सगळे मामा म्हणत.

“मामा, तो फोटो कुठून आला?”

“का गं, चांगला नाही आला? यादीत सगळ्यात वर होता, तोच दिला पाठवून.”

“मामा, तो माझ्या ताईचा नवरा आहे.”

ऑफिसात ही हकीकत सगळ्यांना ठाऊक होती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“पण त्याचं नाव कुठेच नव्हतं. मीच शोधलं होतं, तू सांगितलंस तेव्हा,” मामा म्हणाले. मग थांबून म्हणाले, “अरे देवा. बोहणी.”

नवं दार बसवलं की तंत्रज्ञ पहिला चेहरा स्वतःचा भरतो. दार उघडतंय ना, एवढं पाहण्यापुरता. धंद्यात याला बोहणी म्हणतात. त्याला नाव देत नाहीत, ‘चाचणी एक’ असं काहीतरी लिहितात. दार गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलं की तो चेहरा पुसायचा असतो आणि कुणीही पुसत नाही. एका इमारतीपुरता हा आळस खपून जायचा. रविवारी त्याच्या कंपनीसकट पाचही याद्या एकत्र आल्या तेव्हा नव्या यंत्रणेने या चेहऱ्याला तंत्रज्ञ म्हणून ओळखलं आणि तंत्रज्ञाला सगळीकडे जावं लागतं, म्हणून त्याला सगळी दारं मोकळी केली.

“इमारती वाचा, मामा. क्रमाने.”

मामांनी वाचायला सुरुवात केली. स्टेशनसमोरची. बागेमागची. दोन दवाखान्यांच्या मधली. दहाव्यानंतर धाकटीने त्यांना थांबवलं आणि अकरावी स्वतः सांगितली. बारावीही. दोन्ही बरोबर निघाल्या.

“तुला कसं माहीत?”

“आपल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहेत. ‘आमची दारं’. याच क्रमाने. मीच लावलाय क्रम.”

बहीण आपल्याच दाराआड बहिणीला ठेवणार, एवढं त्याला कळलं होतं. सोमवारपासून तो ते पान हातात घेऊन वरून खाली निघाला होता. आत जायचं, टपालपेट्यांवरची नावं वाचायची, मजले फिरायचे, वाळत घातलेल्या कपड्यांत ओळखीचा फ्रॉक दिसतो का बघायचं आणि पुढची इमारत गाठायची. एका इमारतीला कधी वीस मिनिटं लागली होती, कधी पाऊण तास.

“एकोणिसावी?”

“सव्वाअकरा,” मामा म्हणाले. “तुझ्या ताईची.”

“आणि विसावी?”

आता पाऊण वाजत आला होता.

“विसावी नाही गं.”

ताईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. “संपलं का भाषण? टाळ्या वाजवल्या की जांभया दिल्या?”

“ताई, दाराची कडी लाव. वरची, खालची, साखळी, सगळं.”

“काय झालं?”

“आधी लाव. मग बोल.”

चपलांचा आवाज, मग कडीचा, मग साखळीचा. ताई परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तो आहे?”

“इमारतीत आला होता. अजून आहे का, कळत नाही. बबडी तुझ्याजवळच आहे ना?”

फोनमध्ये चपला दाराकडे धावल्या. मग साखळी काढल्याचा आवाज आला.

“ताई! जिन्यात जाऊ नकोस. ऐक माझं. जिन्यातच असेल तर तू त्याला दार उघडून देशील. साखळी परत लाव, मी आजींना फोन लावते. तू फोन ठेवू नकोस.”

धाकटीने दुसऱ्या फोनवरून आजींना लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. एका कानात तो वाजणारा फोन आणि दुसऱ्या कानात ताईचा श्वास, असं किती वेळ चाललं ते धाकटीला नंतर सांगता आलं नाही.

“कोण ते? हात भरलेत माझे, मांजराला अंघोळ घालतोय आम्ही,” आजी म्हणाल्या. मागे बबडी खिदळत होती.

धाकटीने थोडक्यात सांगितलं. आजींनी प्रश्न विचारले नाहीत. “माझ्या दाराला तीन कड्या आहेत,” त्या म्हणाल्या. “तुझं ते डोळेवालं दार मला चष्मा काढला की ओळखत नाही, आणि त्या मेल्याला बरं ओळखतं. पोरीला आतल्या खोलीत बसवते. तिच्या आईला सांग, हातपाय गाळू नकोस म्हणावं.”

मायलेकी आता आपापल्या दाराआड होत्या. मधे चार मजल्यांचा जिना होता आणि त्या जिन्याबद्दल कुणालाही काही माहीत नव्हतं.

मामांनी तोवर चेहरा पुसला होता. “गेला,” ते म्हणाले. “एकही दार उघडणार नाही आता त्याला.”

“आत यायला, मामा. बाहेर पडायला कोण विचारतं?”

बाहेर पडायला बटण असतं. आग लागली तर माणूस अडकू नये, म्हणून सगळीकडे तसा नियमच आहे. बटण चेहरा बघत नाही आणि नाव लिहीत नाही. दार आतून उघडलं, एवढंच कळतं. सव्वाअकरानंतर मुख्य दार आतून बऱ्याच वेळा उघडलं होतं. त्यात तो होता की दळण घेऊन गेलेला कुणी, की शिकवणीला निघालेलं पोर, हे यंत्रणेला ठाऊक नव्हतं. काच फोटो काढायची, पण फक्त आत येणाऱ्यांचे. जिन्यातले कॅमेरे पुढच्या टप्प्यात होते. वॉचमनला काच बसवल्यावर रजा दिली होती.

“वीज तोडू का इमारतीची?” मामांनी विचारलं.

“वीज गेली की सगळी दारं उघडी पडतात, मामा. तुम्हीच शिकवलंत.”

धाकटीने कळवलेले तीन पोलीस दीड वाजता आले. त्यांना मुख्य दार मामांनी ऑफिसात बसून उघडून दिलं. धाकटी टॅक्सीत होती आणि टॅक्सी पुलाच्या अलीकडे अडकली होती.

“बाई, दार तुमचं,” त्यांच्यातला मोठा फोनवर म्हणाला, “आणि आत कोण आहे ते आम्हाला विचारता?”

त्यांनी तळघर पाहिलं, मीटरची खोली पाहिली, जिना वरपर्यंत पाहिला. गच्चीचं दार उघडंच होतं. शहरातल्या सर्वांत महागड्या यंत्रणेचं ते दार रहिवाशांनी खाली वीट लावून अडवून ठेवलं होतं, कारण कपडे वाळत घालताना दर वेळी काचेपुढे तोंड न्यायचा त्यांना कंटाळा यायचा. पोलीस गच्चीवर गेले. वाळणाऱ्या चादरी बाजूला सारल्या, पाण्याच्या टाक्यांच्या मागे डोकावले. टाक्यांवर चढायची शिडी जागेवर नव्हती, म्हणून वर कुणी पाहिलं नाही. शिडी कुठे असते, हे त्यांनी विचारलंही नाही. परत येताना त्यांनी वीट काढली, दार ओढून घेतलं आणि ते बंद झाल्याचं मामांना पडद्यावर दिसलं.

“कोणी नाही,” मोठा पोलीस ताईच्या बंद दारासमोर उभा राहून म्हणाला. “निघून गेला असणार. नावं वाचली, कळलं नाही, गेला.”

“टपालपेटीवर माझं नाव नाही,” ताई आतून म्हणाली. “दुसऱ्या इमारतीत का गेला नाही मग?”

“भूक लागली असेल. माणूसच आहे.”

तो चेष्टा करत नव्हता. दोघे दुसऱ्या कामावर गेले. एक मुख्य दाराशी, रस्त्याकडे तोंड करून थांबला.

तीन वाजता ताई फोनवर म्हणाली, “माझी पोर मला इथे पाहिजे. चार मजले खाली आहे ती, आणि मी इस्त्रीकडे बघत बसलेय.”

“मी पोचतेच आहे. पूल ओलांडलाय.”

“तू मघापासून पोचतेच आहेस.”

आजींनाही तेच वाटत होतं. पोरगी रडायला लागली होती. पोलिसांनी कोपरान् कोपरा पाहिला होता. जिन्याने जायचंच नाही, त्या म्हणाल्या, लिफ्टने सरळ वर, दार उघडं धरून उभी राहा म्हणावं तिच्या आईला. धाकटीने क्षणभर विचार केला आणि मामांना विचारलं, कुठलं दार हललंय का. मामा म्हणाले, नाही. मग तिने आजींना हो म्हटलं.

आजींनी तिन्ही कड्या काढल्या. बबडीने मांजर सोडायला नकार दिला, म्हणून तेही बरोबर निघालं. ताईने सहाव्या मजल्यावर साखळी काढली, दार उघडलं आणि लिफ्टसमोर येऊन उभी राहिली.

तेवढ्यात मामांचा फोन आला. ते धापा टाकत होते, जणू तेच जिना चढत होते.

“गच्चीचं दार उघडलं आत्ता.”

“कुणी? कुणाचा चेहरा?”

“चेहरा नाही. बटण. पलीकडचं, गच्चीच्या बाजूचं. कुणीतरी गच्चीवरून जिन्यात आलंय.”

धाकटीने टॅक्सी थांबण्याआधी दार उघडलं. इमारतीच्या दाराशी पोलीस रस्त्याकडे बघत उभा होता. तिने ताईला फोन लावला. ताईचा फोन घरात, इस्त्रीच्या टेबलावर वाजत होता. तिने आजींना लावला.

लिफ्टमध्ये आजींच्या फोनला रेंज नव्हती. मामांच्या पडद्यावर लिफ्ट वर जाताना चौथ्या मजल्यावर दिसत होती, आणि गच्चीचं दार पुन्हा बंद.