फ्रान्सचं मिठागर

"इंटरनेटमुळे सगळं जग आता एका वर्गात बसलंय!" असं फ्रेंचच्या मॅडमनी २००५ साली कॉलेजात जाहीर केलं. प्रत्यक्षात शांती नगरच्या सायबर कॅफेत खुर्च्या चारच होत्या, आणि त्यातली मोडकी मिठागरात राबणाऱ्या काळूरामच्या वाट्याला आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, चांदणीला घेऊन तो खारी गावाहून आला होता. फ्रान्समधला एखादा धंदा नेटवर शोधून तिथल्या माणसाला फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचा, असा तिचा प्रकल्प. उत्तर आलं तरच पास. चार ईमेल गेले होते, कुणी दाद देत नव्हतं.

आज तिनं फ्रान्समधलं मिठागर उघडलं. काळूराम ताडकन उठला.

"अगं, हा तं आपलाच आगर हाय! बांध बी तसाच! त्याला इचार, तुजा बापूस इचारतोय, अवकाळी पाऊस आला तं मीठ कसा वाचवता?"

चांदणीनं ते फ्रेंचमध्ये धाडलं. आठवड्यानं उत्तर आलं. तिनं अर्थ सांगितला, "'हा प्रश्न मिठागरातलाच माणूस विचारतो. वडिलांना नमस्कार.'"

काळूरामनं चपला काढून पडद्याला हात जोडले.

"आनि खाली काय लिवलंय?"

"काय न्हाय, बाबा."

"वाच."

"'कृपया पुढचं पत्र इंग्रजीत लिहा.'"