राखणीतून सुटका

त्याने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि पुन्हा खाली आणली. भर दुपारी, सगळ्या बेटाच्या डोळ्यांदेखत, त्याचे सासरेच राखीव पाण्यात होडी घालत होते.

या उथळ पाण्यात मासळी अंडी घालते, म्हणून बेटाने ते बंद ठेवलेलं. इथे मासे मारताना जो सापडेल त्याने राखणीला बसायचं, पुढचा चोर पकडेपर्यंत. हा नियम सासऱ्यांनीच बेटाच्या सभेत मांडला होता, आणि पहिला सापडला तो त्यांचाच जावई. तेव्हापासून तो मचाणावर बसून माशा मारत होता. चोर काही फिरकायचं नाव घेईना. उद्या मोठ्या होड्या हंगामाला निघायच्या होत्या. तो आला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला, असं होडीचा प्रमुख असलेल्या तांडेलाने तोंडावर सांगितलं होतं. रोज उठून कुणाच्या तरी चोरीची वाट बघायची, हे चोरीहून वाईट, असं त्याला वाटे. तरी तो वाट बघायचाच.

सासऱ्यांनी दोरी पाण्यात सोडली आणि मचाणाकडे पाहिलं.

“जावईबापू, झोपलात काय?”

“मामा, बाहेर या. लोक बघतायत.”

“बघू देत की. वाजवा.”

त्याने वाजवली, जीव खाऊन वाजवली. धक्क्यावरची माणसं उठली, सभेची होडी सुटली. तो कमरेइतक्या पाण्यातून सासऱ्यांपाशी गेला आणि पुरावा म्हणून दोरी वर ओढली. टोकाला गळच नव्हता. नुसता दगड बांधलेला.

“मामा, हे काय?”

सासऱ्यांनी खिशातून चिंधीत गुंडाळलेला गळ काढला.

“लावून टाकायला हात धजेना. एखादी अंडी भरलेली लागली असती तर? आता तुम्हीच बांधा. लवकर, आले बघा ते.”

डोळे मिटूनही मारता येणारी गाठ त्याच्याकडून दोनदा सुटली. शेवटी सासऱ्यांनीच दोरीचं टोक घट्ट धरून ठेवलं, तेव्हा गळ बांधला गेला.

सभेची होडी येऊन टेकली.

“काका, तुम्ही?” कुणीतरी म्हणालं.

सभेत भल्याभल्यांना गप्प बसवणारा तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

जावयाने गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्याला आनंद झाला होता, नको तितका. तो कुणाला दिसू नये म्हणून त्याने तोंडावर पाणी मारलं, आणि मारतच राहिला.